हातांत घेतां येणारें विश्व

(नभोवाणीवरील भाषण)

हॉलंडच्या उत्तर भागांत फ्रानेकर नांवाचें एक लहानसें गांव आहे. इ. स. १७७४ च्या वसंत ऋतूंत तेथील लोक मोठ्या धास्तींत होते. मे महिन्याच्या ८ तारखेस चंद्र, बुध, शुक्र, मंगळ आणि गुरु हे आकाशांत एकमेकांच्या अगदीं जवळ दिसणार होते. आणि एका धर्मोपदेशकानें पुस्तिका छापून असें भाकीत केलें होतें कीं, या सर्वांच्या ओढीनें पृथ्वी आपल्या कक्षेंतून ढळेल आणि सूर्यांत पडून भस्म होईल. १९६२ सालच्या फेब्रुवारींत अष्टग्रहीच्या भीतीनें आपल्या देशांत जो कल्लोळ माजला होता, त्याच्या हकीकती ज्यांनीं वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील, त्यांना फ्रानेकरकरांची मनःस्थिति समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

ती तारीख आली आणि गेली. पृथ्वी आपल्या मार्गावरच राहिली. पण त्या गांवीं आयसे आयसिंगा नांवाचा, लोंकर विंचरण्याचा धंदा करणारा एक गृहस्थ होता आणि त्याला गणिताचा नाद होता. परंपरागत हकीकत अशी कीं, लोकांचें अज्ञान दूर करावें या हेतूनें त्यानें आपल्या राहत्या घरांतील बैठकीच्या खोलीच्या तक्तपोशीलाच सूर्यमाला बसविण्याचें ठरविलें. लांकडी चक्रें, त्यांवर दांत्यांच्या जागीं ठोकलेले हजारों खिळे, लंबकाचें एक घड्याळ आणि कांहीं वजनें एवढ्या सामुग्रीवर त्यानें ग्रह फिरते केले. त्यांतील १ मिलिमीटर म्हणजे आकाशांतील १० लक्ष किलोमीटर, आणि ग्रहांची गति मात्र खऱ्या ग्रहांचीच: तक्तपोशीवरील पृथ्वीला एक फेरा करावयास एक वर्ष लागतें आणि शनीला २९ वर्षांहून अधिक. हें काम १७८१ सालीं पुरें झालें. तें यंत्र आजहि चालू आहे, आणि २०२३ सालीं त्याची गणना जागतिक वारशांत झाली.

आतां या कथेंतील एक योगायोग पाहा. ज्या १७८१ सालीं आयसिंगाचें काम पुरें झालें, त्याच सालीं मार्च महिन्यांत विल्यम हर्शल यानें इंग्लंडमध्यें युरेनस हा नवा ग्रह शोधून काढला. फ्रानेकरच्या तक्तपोशीवर युरेनस नाहीं. शनीपर्यंतच त्या विश्वाची सीमा. यांत आयसिंगाचा दोष कांहींच नाहीं. पण त्याच्या यंत्राचा स्वभाव मात्र यावरून कळतो. जें ज्ञान आपण त्यांत घालूं, तेवढेंच तें आपल्याला परत दाखविणार. चक्राचे दांते आपणच मोजून बसविलेले. तेव्हां चक्र आपल्याला चकित कसें करणार?

आज मला आपल्यापुढें जी कथा सांगावयाची आहे, ती यापेक्षां निराळ्या जातीच्या प्रतिरूपांची आहे. जें दाखवितें तें एक प्रतिरूप. ज्याला प्रश्न विचारतां येतो आणि ज्याचें उत्तर आपल्या अपेक्षेविरुद्ध जाऊं शकतें, तें दुसरें. म्यूनिच येथील संग्रहालयांत ऑक्टोबर १९२३ मध्यें त्साइस कारखान्याचें पहिलें तारांगणयंत्र घुमटावर तारे उमटवूं लागलें, आणि त्याच परंपरेंतील नेहरू तारांगण मुंबईस १९७७ सालीं उघडलें. लक्षावधि मुलांना त्यांनीं आकाशाची गोडी लाविली. तथापि तींहि पहिल्याच जातीचीं. दुसऱ्या जातीचा आरंभ एका स्वीडिश ज्योतिर्विदाच्या टेबलावर, विजेच्या दिव्यांनीं झाला.

त्यांचें नांव एरिक होल्मबर्ग, गांव लुंड, साल १९४१. ज्यांना आपण आज दीर्घिका म्हणतों, त्या अब्जावधि ताऱ्यांच्या द्वीपांना त्या काळीं तेजोमेघच म्हणत. अशा दोन दीर्घिका एकमेकींच्या जवळून गेल्या तर काय होईल, हा होल्मबर्ग यांचा प्रश्न. प्रत्येक तारा दुसऱ्या प्रत्येक ताऱ्यास ओढतो, आणि हें ओढणें अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत असतें, हा न्यूटनचा नियम शाळेंतल्या मुलासहि पाठ असतो. पण नियम पाठ असणें निराळें आणि हिशेब करणें निराळें. नुसते ७४ बिंदु घेतले तरी त्यांच्या जोड्या २,७०१ होतात; आणि बिंदु जरासे हलले कीं त्या सर्व जोड्यांचा हिशेब पुन्हां पहिल्यापासून!

होल्मबर्ग यांनीं येथें एक अपूर्व युक्ति काढली. दिव्याचा प्रकाशहि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांतच मंदावतो. मग गुरुत्वाकर्षणाऐवजीं प्रकाशच मोजला तर? त्यांनीं प्रत्येक दीर्घिकेसाठीं ३७ असे एकूण ७४ विजेचे दिवे मांडले. एकेका दिव्याच्या जागीं प्रकाशास प्रतिसाद देणारा फोटोसेल ठेवून निरनिराळ्या दिशांनीं येणारा प्रकाश ते गॅल्व्हानोमीटरवर मोजीत. ज्या दिशेनें प्रकाश अधिक, त्या दिशेनें ओढ अधिक. त्या मानानें सर्व दिवे थोडे थोडे सरकवावयाचे आणि पुन्हां मोजणी. सगळ्या जोड्यांची बेरीज करण्याचें कष्टाचें काम प्रकाश आपण होऊन, क्षणार्धांत करीत होता.

दिवे सरकत गेले तसे दोन्ही समूहांचे आकार बिघडूं लागले. त्यांतून बाहूंसारखे वळणदार फांटे निघाले, आणि समूहांच्या गतीचा कांहीं भाग या उलथापालथींत खर्ची पडल्यामुळें त्यांची एकमेकांस धरून ठेवण्याची शक्यता वाढली. हे फांटे त्यांनीं मांडले नव्हते. त्यांनीं मांडला होता तो फक्त नियम. फांटे नियमानें काढले. आयसिंगाच्या तक्तपोशीवर हें कधींच घडूं शकलें नसतें.

पुढें दिव्यांची जागा विजेवर चालणाऱ्या संगणकांनीं घेतली. आरंभ फारच लहान होता. १९६० सालीं जर्मनींतील सेबास्टिअन फॉन होर्नर यांनीं १६ ताऱ्यांपर्यंतच्या समूहाचें गणित यंत्राकडून करविलें. १९६३ सालीं केंब्रिज येथें स्वेर्रे आर्सेथ यांनीं ही संख्या १०० पर्यंत नेली. १९७० सालीं जेम्स पीबल्स यांनीं ३०० बिंदु घेऊन दीर्घिकांचा एक प्रचंड समूह स्वतःच्याच भारानें कसा गोळा होतो, तें पाहिलें. ज्या विश्वांत एकेका दीर्घिकेंतच अब्जावधि तारे, त्याचें प्रतिरूप ३०० बिंदूंचें! कोणी हंसलें असेल तर त्याला दोष देतां येणार नाहीं.

परंतु थोड्या बिंदूंतहि किती अर्थ भरतां येतो, हें एस्टोनियांत जन्मलेल्या दोघां भावांनीं १९७२ सालीं दाखविलें. अलार आणि यूरी टूमरे हे ते बंधु. १९६६ सालीं हॉल्टन आर्प यांनीं विचित्र आकाराच्या दीर्घिकांचा एक चित्रसंग्रह प्रसिद्ध केला होता. कोणा जोडीस लांबच लांब शेपट्या, कोणा जोडीमध्यें ताऱ्यांचा पूल, कोणास किड्याच्या मिशांसारखे दोन वळणदार धागे. गुरुत्वाकर्षणानें असे बारीक धागे कसे निघतील, अशी शंका अनेकांस होती. कोणी चुंबकीय बलांकडे, कोणी स्फोटांकडे बोट दाखवीत.

टूमरे बंधूंनीं प्रत्येक दीर्घिकेचें सारें वजन मध्यबिंदूंत एकवटलें आहे असें मानलें, आणि त्याभोंवतीं वजनरहित कणांचीं कडीं फिरत ठेवलीं. कण एकमेकांस ओढीत नाहींत, त्यांना ओढणारे फक्त ते दोन मध्यबिंदु. त्यामुळें गणित अगदीं हलकें झालें. मग दोन दीर्घिका किती जवळून, कोणत्या कोनानें आणि कोणत्या वेगानें जाव्यात, हें बदलीत ते पाहत राहिले. समुद्राला भरती येते ती चंद्राकडील बाजूस अधिक आणि पलीकडील बाजूस कमी ओढ असते म्हणून. त्याच कारणानें दीर्घिकेच्या एका बाजूचे तारे शेजारणीकडे ओढले जाऊन पूल झाला, आणि दुसऱ्या बाजूचे मागें राहून शेंपटी झाली. मिशांची जोडी, 'उंदीर' या नांवानें ओळखली जाणारी जोडी, एकामागून एक त्यांच्या कागदावर उतरली. शंका घेणाऱ्यांना वादानें नव्हे, तर एक चकमक पुन्हां घडवून उत्तर मिळालें.

येथवर प्रश्न दोन दीर्घिकांचा होता. सगळ्या विश्वाचा प्रश्न याहून कठीण. तो करावयाचा तर दोन गोष्टी पाहिजेत: आरंभीं विश्व कसें होतें याची कल्पना, आणि त्यांत कोणतें द्रव्य किती होतें याचा अंदाज. आरंभाची खूण १९६५ सालीं हातीं आली. पेंझिआस आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांकडून येणारें मंद सूक्ष्मलहरींचें प्रारण सांपडलें, आणि तें विश्वाच्या तप्त बालपणाचा अवशेष म्हणून ओळखलें गेलें. तें फार सारखें होतें. म्हणजे आरंभीं द्रव्यहि जवळ जवळ सारखें पसरलेलें असलें पाहिजे. त्या जवळ जवळ सपाट पृष्ठभागावरील सूक्ष्म चढउतारांतून आजच्या दीर्घिका वाढल्या. तें उंचसखलपण एक लक्षांश इतकें बारीक असल्याचें पुढें १९९२ सालीं प्रत्यक्ष मोजमापानें सिद्ध झालें.

द्रव्याचा प्रश्न मात्र गूढ होता. दीर्घिकांच्या समूहांना धरून ठेवावयास दिसणारें द्रव्य पुरत नाहीं, असें फ्रिट्झ झ्विकी यांनीं १९३३ सालींच म्हटलें होतें. आणि १९७० च्या पुढील दशकांत व्हेरा रूबिन आदिकरून निरीक्षकांनीं एकेका दीर्घिकेंतहि तीच उणीव दाखविली. मग हें अदृश्य द्रव्य तरी कशाचें? १९८० सालीं मॉस्कोहून वार्ता आली कीं, न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणाला वजन असल्याचें प्रयोगांत आढळलें आहे. न्यूट्रिनो तर विश्वांत अगणित. त्यांना थोडें जरी वजन असलें तरी अदृश्य द्रव्याचें कोडें सुटत होतें! कल्पना सुंदर होती आणि मोठमोठ्या पंडितांना ती प्रिय झाली होती.

या ठिकाणीं प्रतिरूपानें आपलें खरें काम केलें. सायमन व्हाइट, कार्लोस फ्रेंक आणि मार्क डेव्हिस यांनीं १९८३ सालीं न्यूट्रिनोंनीं भरलेलें एक विश्व संगणकांत घडविलें आणि त्याला आपल्या नियमांनीं वाढूं दिलें. न्यूट्रिनो फार वेगवान; ते लहान लहान ढिगांतून निसटून जातात, म्हणून अशा विश्वांत प्रथम अवाढव्य आकार बनतात आणि दीर्घिका मागाहून. पण दीर्घिका निर्माण होईपर्यंत ते अवाढव्य आकार इतके घट्ट गोळा होत कीं, आकाशाच्या प्रत्यक्ष नकाशाशीं त्यांचा मेळ बसेना. असा नकाशा नुकताच, १९८२ सालीं, सुमारें २,४०० दीर्घिकांचीं अंतरें मोजून तयार झाला होता. निर्णय स्पष्ट होता: आपलें विश्व न्यूट्रिनोंनीं बांधलेलें नाहीं. मॉस्कोचा तो निष्कर्षहि पुढील प्रयोगांत टिकला नाहीं.

१९८५ सालीं जॉर्ज एफस्टॅथिऊ यांच्यासह या मंडळींनीं दुसरी कल्पना पारखली. अदृश्य द्रव्य मंद गतीच्या, अद्याप न सांपडलेल्या कणांचें असेल तर? ३२,७६८ कण घेऊन केलेल्या या प्रयोगांत लहान ढीग आधीं आणि मोठे मागाहून बनले, आणि आकाशांतील जाळ्याशीं त्यांचें पुष्कळ साम्य दिसलें. साम्य पूर्ण नव्हतें. कोठें दीर्घिका जन्मतात याविषयीं एक जादा गृहीत धरावें लागलें. ही ओढाताण पुढें १९९८ सालीं, विश्वाचें प्रसरण वेग घेत असल्याचें कळल्यावर आणि कृष्ण ऊर्जेची भर पडल्यावर, बरीच सैल झाली. पण १९८३ च्या प्रयोगाचें मोल मला अधिक वाटतें. जें उत्तर हवेसें वाटत होतें, तें यंत्रानें दिलें नाहीं. नाहीं म्हणूं शकणारें प्रतिरूप हेंच विश्वासाचें प्रतिरूप.

पुढील वीस वर्षांत यंत्रें वाढलीं, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे हिशेबाच्या युक्त्या वाढल्या. ३२,७६८ कणांच्या जोड्या ५३ कोटींहून अधिक होतात. प्रत्येक जोडी मोजीत बसलें तर कोणतेंहि यंत्र थकेल. १९८६ सालीं बार्न्स आणि हुट यांनीं झाडाच्या फांद्यांप्रमाणें कणांची विभागणी करून दूरच्या गर्दीला एकच ढीग समजण्याची पद्धति दिली. दूरच्या ओढीसाठीं चौकोनी जाळी आणि जवळच्या ओढीसाठीं हें झाड, असा दोहोंचा संयोग करणारी जी पद्धति रूढ झाली, तिचें विवेचन करणारा एक महत्त्वाचा निबंध २००२ सालीं जसजीतसिंग बागला यांनीं लिहिला. तेव्हां ते अलाहाबादच्या हरीश-चंद्र संशोधन संस्थेंत होते. पण या शास्त्राचें त्यांचें शिक्षण झालें होतें पुण्यास, 'आयुका' या संस्थेंत, थानू पद्मनाभन यांच्या हाताखालीं.

पुण्याचा हा उल्लेख केवळ अभिमानासाठीं नाहीं. १९८८ सालीं स्थापन झालेल्या त्या संस्थेचे संस्थापक-संचालक कोल्हापुरांत जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर. २०२५ सालीं ते निवर्तले. महास्फोटाची उपपत्ति त्यांना अखेरपर्यंत पटली नाहीं. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनीं प्रथम स्थिर विश्वाची बाजू मांडली आणि १९९३ पासून तिचें एक सुधारलेलें रूप पुढें ठेविलें. तरीहि त्यांच्या संस्थेंत त्यांना न पटणाऱ्या विश्वाचीं गणितें तरुण मंडळी मोकळेपणानें करीत होती. आपल्याला अमान्य असलेल्या कल्पनेचीहि परीक्षा पुऱ्या साधनांनीं होऊं द्यावी, हा धडा कोणत्याहि संगणकापेक्षां मोठा आहे.

झाड आणि जाळी यांच्या त्या संयुक्त पद्धतीनेंच २००५ सालीं जर्मनींत गार्शिंग येथें फोल्कर श्प्रिंगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'मिलेनियम' नांवाचा प्रयोग पार पाडला. कणांची संख्या १,००७ कोटींहून अधिक. घेतलेल्या घनाची प्रत्येक बाजू दोन अब्ज प्रकाशवर्षांहून लांब. ५१२ यंत्रमेंदु एकत्र काम करीत असतां सुमारें महिनाभर हें गणित चाललें. त्यांतून निघालेलें चित्र आपणांपैकीं अनेकांनीं पुस्तकांत पाहिलें असेल: काळ्या पार्श्वभूमीवर जांभळ्या तंतूंचें विस्तीर्ण जाळें आणि गांठींच्या जागीं पिंवळे तेज.

श्रोतेहो, आणि नेमकें येथेंच मला थोडें थांबून सावध करावयाचें आहे. तें चित्र शाळकरी मुलाला दाखवा आणि विचारा, हें काय आहे? तो म्हणेल, विश्वाचा फोटो. तो फोटो नव्हे. त्यांतील द्रव्य अदृश्य. त्याला रंग नाहीं. जांभळा रंग चित्रकारानें दाटपणा दाखविण्यासाठीं दिला. त्यांतील एकेक कण म्हणजे तारा नव्हे. शंभर कोटींहून अधिक सूर्यांचें वजन त्या एका कणांत आहे. त्या घनाला भिंती नाहींत. एका बाजूनें बाहेर गेलेला कण समोरच्या बाजूनें आंत येतो. आणि आरंभींचे चढउतार फांसे टाकून ठरविलेले असल्यामुळें त्या जाळ्यांत आपली आकाशगंगा शोधणें व्यर्थ. तें आपलें विश्व नव्हे. आपल्या विश्वासारखें होऊं शकणारें एक विश्व आहे. एवढें न सांगतां तें चित्र मुलाच्या हातीं दिलें, तर आपण ज्ञान देत नाहीं. एक नवी मूर्ति पूजेला देतों.

यावर उपाय कोणता? चित्र काढून घ्यावें हा नव्हे; त्याच्या कळा मुलाच्या हातीं द्याव्या, हा. गेल्या पंचवीस वर्षांत जीं हाताळतां येणारीं प्रतिरूपें घराघरांतील संगणकावर आलीं, त्यांचें महत्त्व मला यांत दिसतें.

प्रसरणाचेंच उदाहरण घ्या. सर्व दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहेत असें म्हटलें कीं, ऐकणारा स्वाभाविकच समजतो कीं आपण मध्यावर आहों आणि महास्फोट म्हणजे रिकाम्या अवकाशांत उडालेला सुरुंग. पूर्वींचे लेखक फुगणाऱ्या फुग्याचा दृष्टांत देत. पण फुग्याच्या पोटांत मध्य असतो, आणि ऐकणारा तोच नेमका धरून बसतो. संगणकावर मात्र विद्यार्थ्याला सांगतां येतें: कोणतीहि दीर्घिका निवड आणि तेथें जाऊन उभा राहा. तो एक निवडतो; बाकीच्या सर्व तिच्यापासून पळूं लागतात. दुसरी निवडतो, तेंच. पांच-सहा वेळां हें केल्यावर 'मध्य कोठेंच नाहीं' हें वाक्य त्याला सांगावें लागत नाहीं. तें त्याच्याच तोंडून येतें. आपल्याजवळ यंत्र नसलें तरी हरकत नाहीं. एका पारदर्शक कागदावर वीसपंचवीस ठिपके काढा; दुसऱ्यावर तेच ठिपके, पण सर्व अंतरें शेंकडा ५ नें वाढवून काढा; आणि एक कागद दुसऱ्यावर ठेवून कोणताहि एक ठिपका त्याच्या जोडीदाराशीं जुळवा. बाकीचे सारे त्याच्यापासून दूर गेलेले दिसतील, आणि जो जितका लांबचा तो तितका अधिक.

दुसरें उदाहरण. अमेरिकेचें विल्किन्सन यान २००१ सालीं सूक्ष्मलहरींच्या त्या आद्य प्रारणाचें मापन करावयास निघालें. आकाशांतील त्या प्रारणावर निरनिराळ्या आकाराचे ठिपके किती ठळक आहेत, हें दाखविणारी एक लाटालाटांची रेषा त्या मापनांतून मिळाली. त्याच प्रकल्पाच्या मंडळींनीं विद्यार्थ्यांसाठीं एक खेळ केला. सामान्य द्रव्य, अदृश्य द्रव्य, कृष्ण ऊर्जा यांच्या कळा तुमच्या हातीं. तुम्ही त्या हलवा, यंत्र तुमच्या विश्वाची रेषा काढील, आणि ती यानानें मोजलेल्या रेषेवर बसली पाहिजे. सामान्य द्रव्य वाढविलें कीं पहिली लाट उंचावते आणि तिच्या मानानें दुसरी खचते. नुसत्या ओळखीच्या द्रव्यानें सारें जुळवूं म्हटलें तर जुळत नाहीं. 'विश्वांत आपल्या ओळखीचें द्रव्य शेंकडा ५ च आहे' हें वाक्य पुस्तकांत वाचणें एक, आणि त्याहून निराळें विश्व करूं पाहून पांचदहा वेळां हरणें दुसरें. जो हरला आहे त्यालाच त्या आंकड्याची किंमत कळते.

तिसरें उदाहरण मला सर्वांत हृद्य वाटतें. २००९ सालीं अमेरिकेंतील जॉन वॉलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक उपक्रम आरंभिला. त्यांत टकरणाऱ्या दीर्घिकांचें खरें चित्र मध्यभागीं, आणि भोंवतीं संगणकानें त्याच क्षणीं घडविलेल्या कांहीं चकमकी. त्यांपैकीं कोणती खऱ्या चित्रासारखी दिसते, तें सामान्य नागरिकानें निवडावयाचें आणि मग कळा फिरवून ती अधिक जुळती करावयाची. आकार ओळखण्यांत माणसाचा डोळा त्या वेळच्या यंत्राहून चतुर होता, म्हणून ही योजना. लोकांनीं तीस लक्षांहून अधिक चकमकी पाहिल्या, आणि २०१६ सालीं ६२ जोड्यांचा टकरींचा इतिहास त्यांच्या साहाय्यानें प्रसिद्ध झाला. आणि या साऱ्यामागचें गणित कोणतें? मध्यबिंदूंत वजन, भोंवतीं वजनरहित कण: १९७२ सालच्या टूमरे बंधूंचीच पद्धति. जें हलकें गणित त्या काळीं दोघां पंडितांच्या हातीं होतें, तें ३७ वर्षांनीं गृहिणी, विद्यार्थी आणि निवृत्त कारकून यांच्याहि हातीं आलें. आणि ते शिकतां शिकतां संशोधनास हातभार लावूं लागले.

तरीहि शेवटची सावधगिरी सांगितलीच पाहिजे. कळा अनेक असल्या म्हणजे कांहीं तरी जुळवून दाखविणें सोपें होतें. आजच्या मोठ्या प्रयोगांत वायूचें थंड होणें, ताऱ्यांचे स्फोट, कृष्णविवरांचे झोत हेंहि घातलेलें असतें; आणि त्यांतील कांहीं कळा निरीक्षणांशीं जुळेपर्यंत फिरवूनच बसविलेल्या असतात. ज्या गोष्टीसाठीं कळ फिरविली, ती गोष्ट जुळली यांत नवल नाहीं. ज्यासाठीं कळ फिरविली नव्हती, ती जुळली तर तो पुरावा. आणि न जुळली तर ती अधिक मोलाची. १९९९ सालीं दोन गटांनीं दाखविलें कीं, प्रतिरूपांप्रमाणें आपल्या आकाशगंगेभोंवतीं शेंकडों लहान ढीग असावेत. प्रत्यक्षांत तेव्हां ठाऊक असलेल्या उपदीर्घिका सुमारें डझनभरच होत्या. कांहीं उपदीर्घिका नंतर सांपडल्या; पुष्कळ ढिगांत तारे पेटलेच नसावेत, असेंहि बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पण तो प्रश्न उभा राहिला तो प्रतिरूपानें 'मी चुकत असेन' असें सांगण्याची सोय ठेवली होती म्हणून.

म्हणून आईबापांस आणि शिक्षकांस माझी एवढीच विनंति आहे. मुलाला संगणकावरील विश्व दाखवाल तेव्हां तें किती सुंदर आहे एवढें सांगून थांबूं नका. त्याला तीन प्रश्न विचारावयास शिकवा: यांत आपण होऊन घातलेलें काय आहे? नियमानें आपोआप निघालेलें काय आहे? आणि कोणती गोष्ट आकाशांत दिसली तर हें सारें चूक ठरेल? हे तीन प्रश्न ज्याला विचारतां येतात, त्याला फ्रानेकरच्या धर्मोपदेशकाचें भय नाहीं, आणि जांभळ्या चित्राचा मोहहि नाहीं.

आयसिंगाच्या खोलींतील शनि आज रात्रींहि आपल्या खिळ्यांवरून तसूभर पुढें सरकेल. त्या भल्या माणसानें शेजाऱ्यांची भीति घालवावयास आपलें छत दिलें. आपल्याजवळ छताहून मोठें साधन आलें आहे. त्याचा उपयोग भीति आणि भोळेपणा दोन्ही घालविण्याकडे व्हावा, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.